डोंबिवलीतील ‘वली’

‘लुग्दुनुम’ (आजचे ल्यों) या लॅटिन नावातील ‘दुनुम’ हा मूळचा केल्टिक दुर्गवाचक शब्द होय. लॅटिन आहे तो केवळ त्याचा पेहराव. ठाणे जिल्ह्यातही असे उदाहरण आढळते. ‘ठाणे’ हे शिलाहारकालीन लेखांतील ‘स्थानक’ या संस्कृत शब्दापासून आले, हे उघड आहे. परंतु डोंबिवली, आंबिवली यांतील ‘वली’ संस्कृत ‘पल्ली’पासून, स्वरमध्यस्थ पकाराचा वकार होऊन साधली, एवढ्याने व्युत्पत्ती संपत नाही, कारण ‘पल्ली’ हाच शब्द द्राविडी ‘पळ्ळि’ (वस्ती) यावरून संस्कृतात आला, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी २००५ साली अशा नावांच्या आधारे महाराष्ट्रातील प्राचीन द्राविडभाषी वस्तीचे अनुमान मांडले. मात्र उसना शब्द एकदा रूढ झाला की मराठीभाषकही त्याच शब्दाने नव्या गावाचे नाव ठेवतो. म्हणून ‘वली’ शब्दाचे मूळ सांगते. गाव वसविणाऱ्यांची भाषा सांगतेच असे नाही.