पोथी वाचण्याआधी बासन वाचा

हस्तलिखितावर काम करायचं ठरवलं की आपला पहिला प्रश्न असतो, "यात लिहिलंय काय?" त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही पोथी बांधली कशी आहे आणि आजवर कुणाकुणाकडे होती? हे का महत्त्वाचं, ते आज बघू. उदाहरणं धुळ्याची घेतो. शिंदखेड्याहून सकाळची एसटी धरली तर दिवसभर काम करून संध्याकाळी घरी येता येतं.

बांधणी

आपल्याकडच्या जुन्या पोथीला बहुधा शिवण नसते. आडवी, सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. हे कापड म्हणजे बासन. "प्रकरण बासनात गुंडाळलं" असं आपण म्हणतो ते यावरूनच. सुट्या पानांमुळे पोथी वाचायला सोपी, पण पान हरवायला आणि बदलायलाही तितकंच सोपं. म्हणून पानांचे क्रमांक, कागद आणि अक्षराचं वळण शेवटपर्यंत एकच आहे का, हे तपासायचं. जुन्या लेखनिकांनाही ही धास्ती होती. पोथीच्या शेवटी अनेकदा एक संस्कृत श्लोक असतो. त्यात पुस्तकच विनवतं की तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला वाचवा, मूर्खाच्या हाती देऊ नका.

शाई आणि रंग

काळी शाई बहुतेक वेळा काजळ आणि डिंकाची. ती कागद खात नाही, पण ओल लागली की पसरते. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावत. "हरताळ फासणे" हा वाक्प्रचार तिथला. रसायनशास्त्रात हरताळ म्हणजे आर्सेनिक सल्फाइड, आणि लाल खुणांचा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. तेव्हा बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. ते पोथीलाही वाईट आणि तुम्हालाही.

मालकी

शेवटच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. तिथे शक, गाव, लेखनिकाचं नाव मिळू शकतं. शकात 78 मिळवले की इसवी सन साधारण कळतो. मात्र नक्कल करणारा कधीकधी जुनी पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो, म्हणून एकट्या तारखेवर भिस्त ठेवू नका.

धुळ्याची दोन उदाहरणं

शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी हस्तलिखितं जमवली. तो संग्रह आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. त्यातलं वाल्मीकिरामायण समर्थ रामदासांच्या हातचं मानलं जातं. हे मानणं तपासायचं तर कागद, शाई, वळण बघता येतं, कारण पोथी जागेवर आहे.

दुसरं उदाहरण उलट आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगण इथे ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्या 1584 च्या शुद्ध प्रतीहूनही जुनी आहे असं त्यांचं मत होतं. 1909 साली त्यांनी ती छापली, तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. पण मूळ पोथी आज उपलब्ध नाही. ती खरंच किती जुनी, यावर अभ्यासक वाद घालत राहिले आणि निकाल देऊ शकेल असा कागद कुणाच्याच हाती नाही. छापील मजकूर उरला, पुरावा गेला. राजवाड्यांचं निधन 1926 मध्ये धुळ्यातच झालं. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.

वहीत आधी काय लिहाल?

- पानांची लांबी-रुंदी, एकूण पानं, गहाळ क्रमांक
- फळ्या आणि बासन आहे का. कापडावर चिठ्ठी, नाव, शिक्का
- अक्षराचं वळण कुठल्या पानावर बदलतं
- पहिल्या पानाची कोरी बाजू आणि पुष्पिका
- संस्थेकडे पोथी कुणाकडून, कधी आली, याची दाखल-नोंद

मोबाईलवर फोटो काढतानाही (परवानगी घेऊनच!) फक्त मजकुराचे काढू नका. मजकुराची नक्कल नंतरही करता येते. धुतलेलं बासन किंवा फेकलेली चिठ्ठी मात्र परत मिळत नाही.