पोहता येतं, पण काठ कुठल्या बाजूला?

“मामा, मला पोहता येतं. टिळक टँकला शिकलोय मी.”

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पवना धरणाच्या काठावर तंबूंची रांग, एका बाजूला तिकोन्याचा काळा सुळका, समोर नुसता अंधार. भाचा आणि त्याचे तीन मित्र होडी घेऊन ‘जरा मध्यापर्यंत’ जाऊन येणार होते. आधी लाइफ जॅकेट घाला, असं मी म्हटलं, त्यावर हे उत्तर आलं. जॅकेटं तिथे होती. दोन शेकोटीपाशी बुडाखाली घेतलेली, तिसऱ्याचं बक्कल तुटलेलं, चौथ्याचा फोम बसून बसून पापडासारखा चपटा झालेला. त्या रात्री मी होडी सोडू दिली नाही. भाचा दोन दिवस बोलला नाही.

हे वाक्य त्याच्या एकट्याचं नाही. पानशेतला ऐकलंय, मुळशीला ऐकलंय, भंडारदऱ्याला ऐकलंय. वीस वर्षांची पोरं म्हणतात, तसेच साठीचे गृहस्थही म्हणतात. फक्त ते टँकऐवजी गावच्या विहिरीचं नाव घेतात. आणि दर हिवाळ्यात, दर उन्हाळ्यात पेपरात बातमी येते. डिसेंबर २०२४ मध्ये याच पवनेत, दुधिवरे गावाजवळ, होडी उलटून सहलीला आलेले दोन तरुण बुडाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या पवई तलावात रात्री होडी उलटली आणि तिघं गेले. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात ९ जुलै २०१७ ला अकरा जण एका होडीत होते. त्यातले आठ परत आले नाहीत.

तेव्हा या ‘पोहता येतं’चा एकदा नीट विचार करू.

टँकमध्ये पोहता येतं म्हणजे काय येतं? पाणी नितळ असतं, तळ दिसतो, कडा दिसते, दमलात तर कठडा हाताशी असतो. अंगावर पोहण्याचे कपडे असतात आणि पाण्यात आपण आपल्या मर्जीने उतरलेले असतो. रात्री होडी उलटते तेव्हा यातलं काहीच नसतं. माणूस अर्धा श्वास घेतलेल्या अवस्थेत, जीन्स, स्वेटर आणि बुटांसकट पाण्यात जातो. हिवाळ्यात मावळातली हवा आणि पाणी दोन्ही गार असतात. गार पाण्याचा अचानक स्पर्श झाला की छाती आपोआप एक मोठा श्वास ओढते. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती चुकत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर ओढला जातो तो श्वास पाण्याचा. पुढचं मिनिटभर धाप आवरत नाही. ते मिनिट निभावलं, तरच पोहण्याचा प्रश्न येतो.

समजा, निभावलं. डोकं वर आलं. आता पोहायचं कुठे?

इथेच आमच्या पोहणाऱ्या मंडळींचा हिशेब चुकतो. डोळे पाण्याच्या जेमतेम वीतभर वर असतात. काठ ही गोष्ट रात्री दिसतच नाही, दिसतात ते दिवे. पवनेला तर चहूबाजूंनी कॅम्पचे दिवे आहेत. अंधाऱ्या पाण्यावरून दिव्याचं अंतर कळत नाही, कारण मध्ये अंदाज बांधायला झाड नाही, खांब नाही, माणूस नाही. दोनशे मीटरवरचा मिणमिणता कंदील लांबचा वाटतो आणि दीड किलोमीटरवरचा हॅलोजन हाकेच्या अंतरावर वाटतो. माणूस साहजिकच ठळक उजेडाकडे निघतो, म्हणजे बहुधा लांबच्या काठाकडे. आणि खूण डोळ्यांपुढे नसेल तर माणसाला जमिनीवरसुद्धा सरळ चालता येत नाही, तो वळत जातो. पाण्यात तर हात मारताना दिवा दिसेनासा होतो, पुन्हा दिसतो, तेव्हा तो भलत्याच बाजूला गेलेला असतो. बुडालेल्यांमध्ये पोहता येणारेही असतात, यात मग आश्चर्य काय?

यावर मला हमखास उजनीचा दाखला देतात. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक पोलिस अधिकारी पोहत काठाला लागला आणि वाचला. “बघा, ज्याला पोहता येत होतं तो जगला!”

खरं आहे, तो जगला, आणि त्याच्या हिंमतीला माझा नमस्कार. पण उरलेल्या सहांकडेही बघा ना. त्यांत दोन लहान मुलं होती. होडीत आपण एकटे नसतो. शिवाय जो काठाला लागतो तो आपली गोष्ट सांगतो. मध्येच ज्याचे हात थकले, त्याची गोष्ट आपल्यापर्यंत येत नाही. एका जिवंत माणसाकडे बोट दाखवून नियम ठरवणं मला पटत नाही, आणि या एका मुद्द्यावर वाद घालताना माझा आवाज चढतो हे मी लपवणार नाही.

विहिरीत शिकलेल्या मंडळींना मी वेगळी आठवण करून देतो. पाठीला काय बांधून शिकलात? डबा! त्याआधीची पिढी भोपळा बांधायची. पाच लिटरचा घट्ट बंद डबा पाण्यात जवळजवळ पाच किलोचा आधार देतो, आणि डोकं पाण्यावर ठेवायला माणसाला साधारण तेवढाच आधार पुरतो, कारण बाकीचं अंग पाणी पेलत असतंच. चांगलं, १०० न्यूटन उचल असलेलं जॅकेट म्हणजे तसे दोन डबे, आणि तेही छातीशी, म्हणजे शुद्ध हरपली तरी तोंड आकाशाकडे राहावं अशा बेताने. कॅम्पवर पुष्कळदा मिळतं ते ५० न्यूटनचं असतं. ते पोहता येणाऱ्या, शुद्धीत असलेल्या माणसासाठी असतं; बेशुद्ध माणसाला ते उताणं करेल याची खात्री नाही. आकडा जॅकेटच्या आतल्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टी फाटून गेली असेल तर ते जॅकेट घेऊ नका.

हे माझं मत झालं असं कुणाला वाटेल, म्हणून आकडे. अमेरिकेचं तटरक्षक दल होड्यांच्या अपघातांची दरवर्षी मोजदाद छापतं. तिथले सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू बुडून होतात आणि बुडालेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेलं नसतं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात बुडून गेलेल्यांचा वर्षाचा आकडा ३५ हजारांच्या वर असतो. होडी उलटून गेलेल्यांचा रकानाही त्यात आहे. जॅकेट होतं की नाही, हा रकाना नाही. तो असायला हवा.

“लागलं तर घालू की, होडीत ठेवलंय.” हे या गैरसमजाचंच धाकटं भावंड. घरी, दिवसाउजेडी, कोरड्या जागेत जॅकेटची तिन्ही बक्कलं लावून बघा किती वेळ लागतो. मग तेच अंधारात, धाप लागलेली असताना, हातपाय मारत करायचंय अशी कल्पना करा. जॅकेट काठावरच घालायचं. घातल्यावर दुसऱ्याने खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढून बघायचं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात ते वर जाईल आणि माणूस खाली. त्याला शिट्टी बांधलेली हवी. रात्री आवाज अंधारातून वाट काढतो, पण ओरडून ओरडून घसा दोन मिनिटांत बसतो. शिट्टी तासभर वाजवता येते. चमकणाऱ्या पट्ट्या असतील तर उत्तम, कारण शोधणाऱ्याचा टॉर्च त्यांवर लांबूनही लकाकतो.

आणि उलटली तरी होडी सोडू नका. बहुतेक होड्या उलट्या होऊनही तरंगतात. चार जणांना चार दिशांना शोधण्यापेक्षा एका होडीला धरून असलेले चौघं लवकर सापडतात. ‘मी पोहत जाऊन मदत आणतो’ म्हणणाऱ्याला थांबवा.

बाकीचे गैरसमज एवढे हट्टी नाहीत, पण धोका त्यांचाही आहे.

“धरणाचं पाणी शांत असतं, समुद्र थोडाच आहे?” सांजवेळी ते काचेसारखं दिसतं, हे खरं. पण पवना, मुळशी, वरसगाव ही सगळी डोंगरांच्या कुशीतली धरणं. रात्री उतार गार पडले की जड हवा घळींमधून खाली पाण्यावर उतरते. एप्रिल-मेमध्ये तर वळवाच्या ढगापुढचा वारा पाऊस पोहोचण्याच्या कितीतरी आधी येऊन थडकतो. काठोकाठ भरलेल्या होडीला हातभर लाटही पुरते. शिवाय धरण म्हणजे बुडालेली गावं. पवनेतलं वाघेश्वराचं जुनं मंदिर वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. असेच जुने बांध, खोडं, जोती पाण्याच्या वीतभर खाली कुठे आहेत, हे तिथल्या कोळ्याला पाठ असतं. आपल्याला दिवसासुद्धा दिसत नाही.

“मोबाइलचा टॉर्च आहे ना!” डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक झगझगीत टॉर्च ती क्षणात घालवतो. टॉर्चने दहा-पंधरा पावलांवरचं पाणी पांढरं दिसतं, त्यापलीकडचं सगळं अधिक काळं. टॉर्चचं खरं काम दुसऱ्याला आपण दिसावं हे आहे. म्हणूनच वल्ह्याच्या छोट्या होडीतही पांढरा दिवा हाताशी तयार ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. इंजिनाच्या बोटीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. आणि भिजलेल्या मोबाइलवरून ११२ लागत नाही. तो पाणी न शिरणाऱ्या पाउचमध्ये गळ्यात हवा.

“बुडणारा ओरडतोच.” नाही. ज्याला श्वास घ्यायला वेळ नाही, तो ओरडणार कशाने? हात वर करून हलवण्याऐवजी तो ते पाण्यावर खाली दाबत असतो. वीस सेकंद ते मिनिटभर, आणि मग नि:शब्द खाली. रात्री शेजारच्यालाही कळत नाही. म्हणून होडीत दर थोड्या वेळाने एकमेकांची नावं घेऊन हाक मारायची.

“दोन पेग घेतले की थंडी वाजत नाही.” थंडी जाणवत नाही, एवढंच. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची ऊब अधिक वेगाने बाहेर जाते. तोल जातो, तो वेगळाच.

“हे धरण दरवर्षी बळी घेतं.” आसरा ओढतात, असंही काठावरची म्हातारी माणसं सांगतात. त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण गावातली लेकरं पाण्यापासून लांब राहावीत म्हणून ती भीती कामाला यायची. आज शहरातून आलेले लोक तीच गोष्ट नशिबावर ढकलण्यासाठी वापरतात. पाय धरतो तो गाळ.

“मित्र बुडतोय, उडी मारायलाच हवी.” एकाचे दोन होतात. दोरी फेका, वल्हं पुढे करा, काहीच नसेल तर झाकण घट्ट लावलेला पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार फेका. तो दोघांना सहज तारतो.

“बाहेर काढलं की उलटं धरून पोटातलं पाणी काढायचं.” त्यात लाखमोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब.

“एनडीआरएफ जवळच आहे.” आहे, पाचवी तुकडी मावळातच सुदुंबऱ्याला आहे. लोणावळ्याहून ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची मुलं रात्री-अपरात्री धावून येतात. पण प्राणवायू तुटला की मेंदू चार ते सहा मिनिटं तग धरतो आणि गाडीला पवनेपर्यंत यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तोवर वाचवणं संपलेलं असतं, उरतो तो नुसता शोध. ‘अंधारामुळे शोधकार्य थांबवण्यात आलं’ हे वाक्य बातमीत कायम का असतं, ते यावरून लक्षात यावं.

माझं उत्तर कुणी विचारलं तर अंधार पडल्यावर होडी काढूच नये, असंच आहे. तरीही परवानगी असलेल्या ठिकाणी, परवाना असलेल्या नावाड्याबरोबर कुणी जाणारच असेल, तर निघण्यापूर्वी काठावर एक माणूस जागा ठेवा. परतायची वेळ त्याला सांगा, आणि ती टळून गेली की त्याने कुणाला फोन करायचा तेही ठरवा. जिथून होडी सोडली तिथे एक बांबू रोवून त्यावर दोन दिवे टांगा, एकाखाली एक, हातभर अंतराने. काठावर शंभर दिवे असतील. एकाखाली एक असे दोन आपलेच असतील, आणि मध्यावरून मागे वळून पाहिलं की घर कुठल्या बाजूला आहे ते होडीतल्या प्रत्येकाला कळेल.