तिकीट स्वस्त, तरी स्टँड रिकामे : बंगळूरच्या लहान फुटबॉल क्लबांचे गणित

बंगळूरच्या बसवनगुडी भागात दर वर्षी कार्तिकातील शेवटच्या सोमवारी ‘कडलेकाई परिषे’ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. मोठ्या नंदीच्या मंदिरासमोरील रस्त्यावर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तेथून अवघ्या सहा-सात किलोमीटरवर अशोकनगरमध्ये बंगळूर फुटबॉल स्टेडियम आहे. शहरातील लीगचे सामने तेथे सुरू असताना स्टँडमध्ये खेळाडूंचे मित्र, नातेवाईक आणि पुढील सामन्यासाठी थांबलेले संघ यांच्यापलीकडे फारसे कोणी दिसत नाही. लहान क्लबांच्या सामन्यांना प्रेक्षक का येत नाहीत, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘लोकांना परवडत नाही’ असे दिले जाते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. तिकीट परवडते, सामना पाहणे परवडत नाही.

बसवनगुडीतील चौघांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. तिकीट शंभर रुपये धरले, तर प्रवेशाचा खर्च चारशे रुपये होतो. क्लबने प्रवेश विनामूल्य केला, तर हे चारशे रुपये वाचतील; पण बाकीचा हिशेब तसाच राहील. नॅशनल कॉलेज स्थानकावरून मेट्रोने निघाल्यास मॅजेस्टिकला गाडी बदलून एम. जी. रोडला उतरावे लागते आणि तेथून चालत किंवा रिक्षाने मैदान गाठावे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले. सरकारी बसमध्ये स्त्रियांना विनामूल्य प्रवास देणारी ‘शक्ती’ योजना कर्नाटकात जून २०२३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे घरातील निम्म्या माणसांचा बसखर्च वाचू शकतो; मात्र बस निवडली की पैशांऐवजी वेळ मोजावा लागतो, आणि बंगळूरच्या रहदारीत तो पुष्कळ मोजावा लागतो. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी घरातून निघून परत येईपर्यंत चार तास सहज जातात. त्यातच लहान लीगचे अनेक सामने कामाच्या दिवशी दुपारी ठेवलेले असतात. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसासाठी अशा सामन्याची किंमत म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी होय. ती तिकिटावर छापलेली नसते, एवढेच.

छावणीतला खेळ, पेठेतला खेळ

बसवनगुडीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते इतिहासात आहे. इंग्रजांनी १८०९ मध्ये छावणी वसविल्यापासून बंगळूर ही जवळजवळ दोन शहरे होती. एक जुनी पेठ आणि दुसरी छावणी. दोहोंचा कारभारही वेगळा होता. १९४९ मध्ये त्यांची मिळून एक महानगरपालिका झाली. फुटबॉल आला तो फौजेबरोबर छावणीत, आणि रुजला तो ऑस्टिन टाऊन, मर्फी टाऊन, गौतमपुरा अशा तिथल्या कष्टकरी वस्त्यांत. गौतमपुऱ्यात तर पेले यांचा पुतळा उभारलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीच्या सुमारास वसलेली बसवनगुडी मात्र पेठेच्या बाजूची. शाळा-महाविद्यालयांची, संगीतसभांची आणि क्रिकेटची. अनिल कुंबळे येथील नॅशनल संस्थेत शिकले. येथील मुलाला अशोकनगरचे मैदान ‘आपले’ वाटावे, असे काही घडलेच नाही.

याचा अर्थ शहराला फुटबॉलचे वावडे होते असा नव्हे. बंगळूर मुस्लिम्स या संघाने १९३७ मध्ये मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल करणारे सारंगपाणी रामन बंगळूरचेच. फेडरेशन चषकाची पहिली स्पर्धा १९७७ मध्ये जिंकली ती मोहन बागानने नव्हे, तर त्यांना अंतिम सामन्यात हरविणाऱ्या बंगळूरच्या आयटीआय या सरकारी दूरध्वनी कारखान्याच्या संघाने.

आयटीआय, एचएएल, बीईएल अशा सार्वजनिक उद्योगांच्या संघांना तिकीटविक्रीची चिंता नव्हती. खेळाडू कारखान्याच्या हजेरीपटावर असत, पगार कारखाना देई आणि टाळ्या वाजवायला सहकारी व वसाहतीतले शेजारी असत. १९९१ नंतर या उद्योगांतील नोकरभरती आटली, तशी खेळाडूंची भरतीही आटली. संघाबरोबर त्याचा प्रेक्षकही गेला, कारण तो कारखान्याचा होता, शहराचा नव्हता.

एकच मैदान, दोन अनुभव

एचएएलचा संघ २०१०-११ आणि २०११-१२ असे दोन हंगाम आय-लीग या त्या वेळच्या सर्वोच्च स्पर्धेत खेळला. देशातील मोठे संघ अशोकनगरच्या मैदानावर येऊन गेले. स्टँड मात्र बहुतेक मोकळेच राहिले. २०१२ मध्ये एचएएलची पदावनती झाली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, जिंदाल समूहाने बंगळूर एफसी हा नवा क्लब स्थापन केला. शहर तेच, मैदानही तेच. या वेळी मात्र पश्चिमेकडील स्टँडमध्ये गाणी म्हणणारा, ढोल वाजवणारा एक समूह आकाराला आला आणि ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. पदार्पणातच क्लबने २०१३-१४ ची आय-लीग जिंकली. ऑक्टोबर २०१६ मध्ये आशियाई एएफसी चषकाच्या उपांत्य सामन्यात मलेशियाच्या जोहोर संघाला ३-१ असे हरविले, तेव्हा कंठीरवा स्टेडियम गर्दीने फुलून गेले होते.

हा फरक केवळ तिकिटाच्या दराने पडला नाही. सुनील छेत्रीसारखा कर्णधार, वेळेवर जाहीर होणारे सामने, शाळांपर्यंत पोचलेला क्लब आणि शहराचे नाव यांचा तो एकत्रित परिणाम होता. सरकारी कारखान्याच्या नावाच्या संघाला बसवनगुडीने आपले का म्हणावे? ‘बंगळूर’ या नावाला मात्र तिने आपले म्हटले.

अर्थात या सर्वांमागे मोठ्या उद्योगसमूहाचे पैसे होते. लहान क्लबाला ते मिळत नाहीत. स्पोर्टिंग क्लब बंगळूर या संघाने २०२३-२४ ची द्वितीय श्रेणीची आय-लीग जिंकून बढती मिळविली. २०२४-२५ च्या हंगामाअखेरीस त्याची पुन्हा पदावनती झाली. अशा क्लबाचे आर्थिक गणित कसे असते, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. बारा संघांच्या लीगमध्ये घरच्या मैदानावर अकरा सामने होतात. प्रत्येक सामन्याला हजार प्रेक्षक आले आणि प्रत्येकाने शंभर रुपये दिले, तर हंगामाचे उत्पन्न अकरा लाख रुपये होते. पंचवीस खेळाडूंना महिना सरासरी पन्नास हजार रुपये द्यायचे म्हटले, तर एका महिन्याचा पगारच साडेबारा लाख होतो. प्रवास, मैदानाचे भाडे, प्रशिक्षक, वैद्यकीय खर्च हे सारे त्याखेरीज. म्हणजे तिकीट दुप्पट महाग केले तरी क्लब तरत नाही आणि विनामूल्य केले तरी बुडण्याचा वेग फारसा वाढत नाही. जगणे-मरणे ठरते ते मालकाच्या आणि प्रायोजकाच्या मर्जीवर. मोठे क्लबही यातून सुटलेले नाहीत. इंडियन सुपर लीगचे भवितव्य अनिश्चित झाले, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर एफसीनेही मुख्य संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबविले होते.

महाराष्ट्राने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरे स्थान मिळविणाऱ्या पुणे एफसीचा वरिष्ठ संघ मालकांनी २०१५ मध्ये आवरता घेतला. कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात मुंबई एफसीला ‘घरचे’ सामने सुमारे दीडशे किलोमीटरवरील बालेवाडीत खेळावे लागले. कुर्ल्याच्या किंवा माहीमच्या चाहत्याला त्यासाठी द्रुतगती मार्ग ओलांडून पुण्याला जावे लागे. २०१७ मध्ये तो क्लबही संपला. खुद्द बालेवाडीचे क्रीडासंकुल पुण्याच्या टोकाला आहे. शहराच्या पेठांतून तेथे जाणे हाच एक प्रवास होता.

कोल्हापूरचे वेगळेपण

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरकडे पाहिले पाहिजे. तेथील राजर्षी शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असेल, तर हजारो प्रेक्षक उन्हात पायऱ्यांवर बसतात. कसलाही चकचकाट नाही, परदेशी नावाजलेले खेळाडू नाहीत. संघ आहेत ते तालमींचे आणि मंडळांचे. दिलबहार, बालगोपाळ, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा; पेठेतला मुलगा तेथे शड्डू ठोकायला शिकला आणि पुढे फुटबॉलही तेथूनच खेळू लागला. संघाचा गोलरक्षक कोणाचा तरी मावसभाऊ असतो, बचावपटूच्या घरासमोरूनच रोज जाणे-येणे असते. शिवाय मैदान शहराच्या मध्यावर आहे. मंगळवार पेठेतून किंवा शिवाजी पेठेतून माणूस चालत येतो, सामना पाहतो आणि दिवेलागणीला घरी पोचतो. बसवनगुडीच्या कुटुंबाच्या हिशेबातले प्रवासाचे आणि वेळेचे रकाने येथे जवळजवळ कोरेच राहतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

कोल्हापूरचे चित्र रंगवताना त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पेठांची ईर्ष्या हाणामारीवर उतरते, सामने थांबवावे लागतात, पोलिसांचा बंदोबस्त वाढतो. घरातील स्त्रियांना आणि मुलांना सोबत नेण्यास अनेक जण कचरतात. आणि एवढी गर्दी जमूनही या तालीम मंडळांपैकी एकही संघ आय-लीगमध्ये खेळलेला नाही. राष्ट्रीय लीगमधील क्लबांना जे परवाने, प्रवासाचा खर्च आणि पूर्ण वेळ पगारी खेळाडू लागतात, ते पेठेच्या वर्गणीतून आणि देणगीदारांच्या बक्षिसांतून उभे राहत नाहीत.

म्हणजे बंगळूरच्या लहान क्लबाकडे राष्ट्रीय लीगपर्यंत जाणारी वाट आहे, पण प्रेक्षक नाही; कोल्हापूरकडे प्रेक्षक आहे, पण ती वाट नाही. बंगळूरमध्ये करण्यासारख्या गोष्टी फार महागड्या नाहीत. सामन्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर करणे, ते शनिवार-रविवारी सायंकाळी ठेवणे, काही सामने अशोकनगरबाहेर शहराच्या दक्षिण भागातील महाविद्यालयांच्या मैदानांवर नेणे, आणि मुख्य म्हणजे त्या भागातील मुले संघात घेणे. यांपैकी शेवटचे काम सर्वांत सावकाश होणारे आहे. लहान क्लबांचे आयुष्य तीन-चार हंगामांचेच असेल, तर बारा वर्षांचा मुलगा वरिष्ठ संघात येईपर्यंत क्लब टिकतच नाही, आणि त्याला पाहायला येणारे शेजारीपाजारी स्टँडपर्यंत पोचतच नाहीत.