इवलासा भुंगेरा आणि पुरातन हरिता

आपल्या पट्टीवरील एक मिलिमीटरचे अंतर नीट पाहा. तेवढ्या जागेत एकामागे एक असे तीन भुंगेरे मावतात, हे खरे वाटेल काय? दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात कवकावर राहणारा ‘स्कायडोसेला’ हा भुंगेरा इतका लहान आहे. २०१५ साली शास्त्रज्ञांनी त्याची मोजणी केली, तेव्हा सर्वांत लहान भुंगेरा ०.३२५ मिलिमीटर भरला! तरीही त्याला सहा पाय, डोळे, मेंदू आणि पिसांसारखे पंख आहेत.

आता तिबेटच्या पठारावर जाऊ. तेथे ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर ‘ताकाकिया’ नावाची हरिता वाढते. पावसाळ्यात आपल्या भिंतींवर मखमलीसारखी पसरणारी हरिता तिच्याच जातकुळीतील. ताकाकियाचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा, म्हणजे हिमालयाहूनही प्राचीन आहे. वर्षातील सुमारे आठ महिने ती बर्फाखाली राहते आणि बर्फ वितळताच प्रखर उन्हाला तोंड देते.

दोघांपैकी अधिक चिवट कोण? आपण हरितेचेच नाव घेऊ. परंतु हवामान तापू लागल्यामुळे ती दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटत असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. खोड कुजून गेले, तर भुंगेरा पंख पसरून दुसरीकडे जाईल. हरितेला मात्र जागा सोडून उडता येत नाही.

पर्वत उभे राहताना जी टिकली, तिलाही बदलती हवा सोसेनाशी झाली आहे. जीव लहान असो वा पुरातन, त्याचे घर राखले तरच तो राहतो.