चेहरा १९५१चा, पाय १९९६चे

शनिवारी सकाळी आठ वाजता सुज्ञ माणूस काय करतो? झोपतो. निदान मी तरी झोपते. पण माझा कॉलेजचा एक मित्र आहे. तो बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ एका ऑटो कंपनीत नोकरीला आहे. सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरवर गाड्यांचे पार्ट बघायचे आणि वीकेंडला शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये जाऊन पुन्हा गाडीच खोलून बसायची, हा त्याचा आराम!

मी त्याच्याकडे गेले तेव्हा एप्रिल होता, थंडी होती आणि जेट लॅगने डोळे मिटत होते. ‘‘अगं, चल तर खरी, एक मज्जा दाखवतो,’’ असं म्हणत त्याने मला ओढतच नेलं. आजोबांच्या गॅरेजचं शटर वर गेलं आणि माझी झोप उडाली. उजवीकडे छताच्या तुळईला साखळीने एका ट्रकची केबिन लटकत होती. गोलगरगरीत, फिकट हिरवी, जुन्या इंग्लिश सिनेमातल्यासारखी. आणि डावीकडे, जमिनीवर, वर काहीच नसलेला नुसता सांगाडा. चार चाकं, इंजिन, स्टिअरिंगचा दांडा, बस्स. ‘‘हे धड आणि हे पाय,’’ मित्र म्हणाला. ‘‘ऑगस्टपर्यंत जोडायचेत.’’

आजीची पैठणी विरली की तिचे काठ-पदर काढून आपण नव्या कुर्त्याला लावतो ना, साधारण तोच फंडा. जुन्या पिकअपची बॉडी उचलायची आणि एका नव्या, म्हणजे निदान चाळीस-पन्नास वर्षांनी नव्या, ट्रकच्या चेसीवर बसवायची. अमेरिकेत हा प्रकार इतका चालतो की त्यातल्या काही जोड्या ठरूनच गेल्यात. वरची बॉडी शेव्हरलेच्या १९४७ ते १९५५ दरम्यानच्या पिकअपची आणि खालची चेसी त्याच कंपनीच्या एस-१०ची, ही त्यातली सगळ्यात लाडकी जोडी.

आजोबांच्या बाबांचा ट्रक

शेव्हरलेने जून १९४७मध्ये हे मॉडेल बाजारात आणलं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, शेतकऱ्यांना नव्या गाड्या हव्या होत्या आणि जनरल मोटर्सने अगदी नवाकोरा ट्रक दिला. समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, फुगीर मडगार्ड आणि लाकडी फळ्यांची ट्रॉली. अर्ध्या टनाच्या मॉडेलला ३१०० म्हणत. आजोबांच्या वडिलांनी १९५१मध्ये तो शेतीसाठी घेतला. आजोबा आता पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांनी ड्रायव्हिंग शिकलं ते याच ट्रकवर, वडिलांच्या मांडीवर बसून.

दिसायला एकदम कूल. चालवायला मात्र… आजोबांनी मला त्याचे गुण एकेक करून सांगितले आणि मला सीटबेल्टची आठवण आली, जो त्या ट्रकला नव्हताच. सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे ९० हॉर्सपॉवर. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या पुढे गेलं की ते बोंब मारायला लागतं, आणि मिशिगनच्या हायवेवर बाकीच्या गाड्या एकशे दहाने जातात. पुढचा ॲक्सल एकसंध, खाली पाटे, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं. पॉवर स्टिअरिंग नाही. वीज सहा व्होल्टची. पेट्रोलची टाकी कुठे? केबिनच्या आत, सीटच्या मागे! ड्रायव्हरच्या पाठीला टेकूनच.

आणि ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या सगळ्यांसाठी तेलाची एकच लाइन. त्या लाइनला कुठेही गळती लागली की चारही ब्रेक एकदम जातात. नंतरच्या गाड्यांमध्ये दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी दुसरी उरते. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस ते प्रवासी गाड्यांना सक्तीचंच झालं. हा ट्रक त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा.

इथेच खरी गोष्ट सुरू होते. आजोबांच्या नातीला लायसन्स मिळालं. वय सतरा. तिला नवी गाडी नको होती, हाच ट्रक हवा होता. रोज कॉलेजला न्यायला. आजोबा खूश झाले आणि दुसऱ्या क्षणी घाबरले. कारण एकदा, खूप वर्षांपूर्वी, उतारावर त्यांच्या पायाखालचं पेडल तळापर्यंत गेलं होतं. ट्रक मक्याच्या शेतात घुसून थांबला. ‘‘मका होता म्हणून मी आहे,’’ एवढंच ते बोलले. हसले नाहीत.

मग नुसते ब्रेक का नाही बदलले?

मीही हेच विचारलं. मित्राने कपाळावर हात मारला. ‘‘अगं, एक बदललं की दुसरं बदलावं लागतं.’’ चांगले ब्रेक लावले की सस्पेन्शन आठवतं. मोठं इंजिन टाकलं की गिअरबॉक्स आला. आणि या ट्रकचा प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळीत बसवलेला आहे, तो थेट मागच्या ॲक्सलला जोडलेला. त्यामुळे गिअरबॉक्स बदलला की मागचा ॲक्सलही गेला. असं एकेक करत शेवटी सगळंच बदलायचं, तर एका कारखान्यात एकत्र जुळवून, टेस्ट करून बनवलेली अख्खी चेसी का घेऊ नये? पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, बारा व्होल्ट, टाकी केबिनबाहेर चेसीच्या बाजूला. जुनी एस-१० तिथे स्वस्तात मिळते. ही गाडी २००४पर्यंत बनत होती, त्यामुळे पार्टही कोपऱ्यावरच्या दुकानात.

पटलं. पण आजोबांना लगेच पटलं नव्हतं. एक तर जुनी चेसी सडलेली नव्हती. मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात (डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे), त्यामुळे तिथल्या गाड्या खालून गंजून चाळणी होतात. या ट्रकने बहुतेक हिवाळे गोठ्यात काढले होते. चेसी ठणठणीत होती. सडली असती तर निर्णय सोपा होता. चांगली वस्तू बाजूला काढायची म्हणजे मनाला लागतं.

जुन्या गाड्यांच्या दुनियेत सोवळंओवळं भयंकर असतं. ‘ओरिजिनल’वाल्यांच्या मते बॉडी उचलून दुसऱ्या चेसीवर ठेवणं म्हणजे गाडीचा खून. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. त्या जड स्टिअरिंगशी झोंबी घेणं, गिअर टाकताना होणारी ती कर्रर्र, हेसुद्धा त्या ट्रकचंच आहे. ते काढलं तर उरतो तो मुखवटा. पण माझं मत विचाराल तर, वर्षातून दोनदा ट्रेलरवर चढवून प्रदर्शनात नेला जाणारा ट्रक हा ट्रक कमी आणि शोकेसमधली बाहुली जास्त.

आजोबांनी शेवटी होकार दिला, एका अटीवर. केबिनला एकही नवीन भोक पाडायचं नाही. जुनी चेसी आणि इंजिन ताडपत्री घालून मागच्या शेडमध्ये ठेवायचं. उद्या कुणाला वाटलं तर सगळं पूर्वीसारखं करता आलं पाहिजे.

टेप, ओळंबा आणि पाणसळ

तुम्हाला वाटेल, अशा कामात सगळा वेळ वेल्डिंगमध्ये जात असेल. चूक. वेळ जातो मोजण्यात. मी होते ते दोन दिवस ही मंडळी फक्त मोजत होती. गॅरेजच्या फरशीवर खडूने रेघा मारलेल्या, केबिनच्या कोपऱ्यांतून ओळंबे सोडलेले, चेसीवर पाणसळ. आपल्याकडचा गवंडी बघून खूश झाला असता.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. जुन्या ३१००चं ते ११६ इंच. एस-१० तीन मापांत येत होती : छोट्या ट्रॉलीची १०८.३ इंच, लांब ट्रॉलीची ११७.९ आणि मोठ्या केबिनची १२२.९. मोठ्या केबिनची चेसी घेतली तर मधून जवळजवळ सात इंच कापून पुन्हा जोडावी लागते. लोक करतात, पण चेसी कापणं हे घरचं काम नाही. ते वेल्डिंग जरा जरी चुकलं तर गाडी एका बाजूला ओढते, किंवा त्याहून वाईट. मित्राने लांब ट्रॉलीची १९९६ची एस-१० घेतली. फरक दोन इंचांहून कमी. तेवढ्यासाठी त्याने चेसी न कापता मागचा ॲक्सल पाट्यांच्या आधारांसकट पुढे सरकवला. चाक मडगार्डच्या बरोबर मध्यावर दिसलं पाहिजे ना! अर्धा इंच इकडेतिकडे झालं की जाणकाराच्या डोळ्याला ते लगेच खुपतं.

मग एस-१०च्या केबिनचे आधार ग्राइंडरने उडवायचे आणि जुन्या केबिनच्या मूळ भोकांच्या खाली येतील असे नवे ब्रॅकेट चेसीला वेल्ड करायचे. आधी नुसते टाके मारायचे, केबिन खाली सोडायची, दारं उघडून-मिटून बघायची. दार चौकटीला घासलं की परत वर. त्या शनिवारी केबिन पाच वेळा खाली आली आणि पाच वेळा वर गेली. मध्येमध्ये आजी सगळ्यांना कॉफी देऊन जात होत्या आणि कुणाकडेच न बघता मान हलवत होत्या.

भोक न पाडण्याची अट सगळ्यात जास्त नडली ती ब्रेकच्या पेडलला. एस-१०मध्ये पेडल वरून लोंबतं आणि ब्रेकचा बूस्टर केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यावर बसतो. म्हणजे पत्र्याला भलंमोठं भोक. जुन्या ट्रकमध्ये पेडल जमिनीतून वर येतं. मित्राने तीन आठवडे डोकं खाजवून बूस्टर केबिनच्या खाली, चेसीला बसवला. जुनं पेडल, जुनी जागा, तेलाच्या लाइन मात्र दोन. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी त्याच्या प्रमोशनच्या दिवशीही पाहिलेलं नाही.

चाकांनी वेगळाच इंगा दाखवला. जुन्या चाकांना सहा बोल्ट, एस-१०ला पाच. त्यामुळे जुनी चाकं बाद. त्यात नवी चेसी रुंदीला थोडी कमी, त्यामुळे चाकं मडगार्डच्या आत दडून बसतात. जाड माणसाने भावाची टाइट पँट घातल्यासारखा ट्रक दिसतो. उपाय म्हणून बाहेरच्या अंगाला जास्त येणारी, पाच बोल्टची साधी लोखंडी चाकं शोधली आणि त्यावर जुन्या चकचकीत टोप्या बसवल्या. टोपीखाली किती बोल्ट आहेत ते कोण बघतंय?

हा ट्रक नक्की कुठला?

बोल्ट कुणी बघत नाही, कागद मात्र बघतात. वर एक नंबर, खाली दुसरा. मग हा ट्रक १९५१चा की १९९६चा? प्रश्न तात्त्विक वाटतो, पण त्यावर पैसे ठरतात. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे. त्यामुळे जुनं वय दाखवायचा मोह होतो. काही महाभाग सरळ एका गाडीची नंबरपट्टी काढून दुसऱ्या गाडीला रिव्हेट मारतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार फसवणुकीसाठी नंबरपट्टीशी अशी छेडछाड करणं हा गुन्हा आहे. आजोबांनी शहाणपणाचा मार्ग धरला : दोन्ही गाड्यांचे कागद जपून ठेवायचे, दोन्ही नंबर जागच्या जागी ठेवायचे आणि दोन गाड्यांतून जुळवलेली गाडी म्हणून तपासणीला न्यायची. नियम राज्याराज्यात बदलतात, त्यामुळे तिकडे असाल आणि हात शिवशिवत असतील, तर ग्राइंडर उचलण्याआधी ऑफिसात जाऊन विचारा.

आणि इकडे असाल तर? काकांची जुनी जीप गावच्या गोठ्यात उभी आहे आणि डोक्यात किडा वळवळतोय? जरा थांबा, बॉस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिन बदललं की खेळ खलास. वर या प्लेटवर रोज ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. म्हणजे आजोबांच्या नातीला जे हवं होतं, नेमकं तेच नाही.

वुडवर्डवर

ऑगस्टचा तिसरा शनिवार. डेट्रॉइटबाहेर वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५पासून या दिवशी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. ड्रीम क्रूझ. शर्यत नाही, बक्षीस नाही. हजारो गाड्या नुसत्या मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतात आणि लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बघतात.

मी इथे घरी होते, रात्री साडेनऊ वाजता मोबाइलवर मित्राचा व्हिडिओ कॉल आला. तो मागे ट्रॉलीत बसला होता आणि केबिनच्या मागच्या काचेतून मला आतलं दाखवत होता. नात स्टिअरिंगवर, आजोबा शेजारी. नवीन सीटबेल्ट दोघांनाही. फुटपाथवरून कुणीतरी ओरडून वर्ष विचारलं. नातीने आजोबांकडे बघितलं. ‘‘वरचं की खालचं?’’ आजोबा खिडकीतून ओरडले.

मग सिग्नल लागला. पुढची गाडी अचानक थांबली, नातीने ब्रेक दाबला, ट्रक जागच्या जागी थांबला. मित्राने कॅमेरा खाली केला. आजोबांच्या पायाशी पेडल नव्हतंच, पण त्यांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता. ‘‘सकाळपासून प्रत्येक सिग्नलला असंच चाललंय,’’ मित्र कुजबुजला. सिग्नल हिरवा झाला, आणि पाय सुटला.