सूक्ष्मप्लास्टिकाच्या तपासात उष्णतेची साक्ष

सन २००४ मध्ये इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी सहकाऱ्यांसह किनाऱ्यांवरील वाळू मिठाच्या तीव्र द्रावणात ढवळून, वर तरंगलेल्या कणांपैकी जे निसर्गनिर्मित दिसत नव्हते ते अवरक्त किरणांच्या कसोटीला लावले, तेव्हा त्यांतले जेमतेम एक तृतीयांश कृत्रिम बहुवारिकांचे निघाले. सूक्ष्मप्लास्टिक ही संज्ञा ज्या निबंधाने रूढ केली, त्यातला हा तपशील मला विशेष बोलका वाटतो. कारण नुसत्या नजरेच्या भरवशावर पंचनामा करू नये हे त्याने दाखवले, आणि एकेका कणाचा रीतसर जबाब घ्यायचा तर एका गाळणीपायी तासन्‌तास खर्ची पडतात, ही अडचणही पुढे आली.

या अडचणीवर सुचलेला एक तोडगा म्हणजे थर्मल कॅमेरा. विल्यम हर्शेलने १८०० साली वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून जे अदृश्य किरण ओळखले, त्यांतले साधारण ८ ते १४ मायक्रॉनचे हा कॅमेरा टिपतो. वाळवलेल्या गाळणीवर क्षणभर दिव्याची प्रखर ऊब टाकली की वाळूतील गारगोटी ती झटकन पोचती करते, प्लास्टिक मात्र धरून बसते. मिलिमीटरभर प्लास्टिकातून उष्णता पार व्हायला काही सेकंद लागतात, तर तेवढ्याच गारगोटीला सेकंदाचा अंश पुरतो. मात्र कण दहापट लहान झाला की हा अवधी शंभरपट आखडतो, आणि दहा-बारा मायक्रॉनखालचा कण तर या किरणांच्या तरंगलांबीतच हरवतो.

शिवाय कॅमेऱ्याला तापमान थेट दिसत नाही, दिसते ते उत्सर्जन. कढत पाण्याने भरलेली, चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्याची घागर त्याला थंड भासते आणि तिचे काजळी धरलेले बूड तेवढे तापलेले दिसते. हाच दोष कामाला जुंपता येतो, कारण धातूचा मुलामा दिलेल्या गाळणीच्या फिक्या पार्श्वभूमीवर प्लास्टिकाचे कण उठून दिसतात. अर्थात तेथे मातीचे कणही तसेच उठतात, सबब कॅमेऱ्याने संशयितांची यादी करावी आणि शहानिशा वर्णपटमापकाकडे सोपवावी, ही वाटणीच मला रास्त वाटते.

यादीतून निसटणारेही आहेतच. पॉलिथिनच्या पातळ काळ्या पिशवीत हात घातला तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण थर्मल कॅमेऱ्याला हाताची बोटे स्पष्ट दिसतात; अशा पिशवीचा कपटा गाळणीवर पडला, तर कॅमेरा त्यातून आरपार पाहतो आणि खालच्या गाळणीचेच चित्र देतो.