लोण चढतो, तेव्हा बचाव का ढासळतो?

यात्रांचे दिवस आले की जुन्नर तालुक्यातील डिंगोरे आणि आसपासच्या गावांत कबड्डीची मैदाने आखली जातात. सामना सुरुवातीला चुरशीचा असतो. मग एक लोण चढतो आणि गुणफलक पळत सुटतो. ‘पोरांनी दम सोडला’ असे म्हणून प्रेक्षक मोकळे होतात. पण बचाव कोसळतो तो केवळ दमामुळे नाही.

पहिले कारण साधे गणिताचे. पुरुषांच्या सामन्यात एका संघाला साडेसहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अंगण राखायचे असते. सात जण असताना कोपरारक्षक आणि मध्यरक्षकांच्या साखळ्या चढाईपटूला घेरतात. तिघेच उरले तरी अंगण तेवढेच राहते. बाद खेळाडू परत येतो तो संघाने गुण मिळवल्यावरच. मुख्य चढाईपटूच बाहेर बसला असेल, तर ही वाटही अडते.

दुसरे कारण स्नायूंचे. पकडीसाठी लागणारी झटक्याची ताकद स्नायूंमधील फॉस्फोक्रिएटिन या साठ्यातून येते. तो काही सेकंदांतच संपू लागतो. खर्च झालेला साठा निम्मा भरून यायला सुमारे अर्धा मिनिट, तर जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. चढाई असते जास्तीत जास्त ३० सेकंदांची. म्हणजे आपला गडी पलीकडे असतो, तेवढीच बचावपटूंना उसंत. तो लगेच बाद झाला, तर तीही नाही.

तिसरे कारण मेंदूचे. एका ठरावीक इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. चढाईपटू हात टाकेल, लाथ मारेल की बोनस घेईल, असे पर्याय वाढले की हा वेळही वाढतो. त्यात पिछाडीवरचा संघ उतावळा होतो. साखळीची वाट न पाहता एकटाच झेपावतो आणि चढाईपटूला फुकटचा गुण देतो.

२०१७च्या प्रो कबड्डीत पाटणा पायरेट्सने हरियाणा स्टीलर्सला ६९-३० असे हरवले. त्या सामन्यात परदीप नरवालने चढाईचे ३४ गुण मिळवले, आणि त्याच्या एकाच चढाईत संघाला आठ गुण मिळाले! याउलट पुणेरी पलटणने २०२४चे विजेतेपद जिंकले ते २८-२५ अशा अटीतटीच्या गुणसंख्येने.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. थकलेले पाय गुडघा आणि घोटा नीट सावरू शकत नाहीत. ओढाताणीत पाय मुरगळतो, प्रसंगी गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो. म्हणून पकडीचा थोडा सराव मुद्दाम शेवटी, अंग थकल्यावर आणि तीनच खेळाडू ठेवून करावा. मात्र तो हळू वेगात, मऊ मातीवर किंवा मॅटवर. तीन किंवा कमी खेळाडूंनी केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो, पण त्या मोहाने एकट्याने झेपावू नये. सामन्याआधी आणि मध्यंतरात पाणी प्यावे. लोण बसल्यावर प्रशिक्षकाने टाइमआउट घ्यावा. त्या अर्ध्या मिनिटात श्वास आणि डोके दोन्ही थाऱ्यावर येतात.

आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन सूज चढली, तर पट्टी बांधून पुन्हा मैदानात उतरू नये. थेट डॉक्टरांकडे जावे. हरलेला सामना पुढच्या यात्रेत जिंकता येतो. तुटलेला अस्थिबंध घेऊन खेळत राहिले, तर गुडघा कायमचा अधू होऊ शकतो.